परिपाठासाठी दिनविशेष दिनदर्शिका: जरूर घ्या, फक्त 14 जानेवारीचं पान दुरुस्त करून

आमच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठाला प्रतिज्ञा, सुविचार झाले की दिनविशेष येतो. बहुतेक वेळा मोबाइलवरून उतरवलेल्या चार ओळी मूल घडाघडा म्हणतं आणि रांगेत परत जातं. मला हे कधी पटलं नाही. म्हणून यंदा छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून रोज एक पान उलटायची टेबलावरची दिनदर्शिका आणली. किंमत 280 रुपये. कागद जाड आहे, अक्षर मुलाला हातात धरून नीट वाचता येईल एवढं.

तिचं खरं मोल 1 ऑगस्टच्या पानावर कळलं. एरवी टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती एकाखाली एक छापलेली असते आणि वर्षाकडे कुणाचं लक्ष जात नाही. इथे पानाच्या मधोमध ठळक 1920 आहे. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले. त्याच दिवशी वाटेगावात मातंग कुटुंबात अण्णा भाऊ जन्मले. गांधीजींची असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, टिळक गेले हे वाटेगावात कधी कळलं असेल?" मग तार कुठवर पोचायची, वर्तमानपत्र गावात कोण वाचून दाखवायचं, यावर अख्खा तास गेला. आणि जे बाळ त्या दिवशी जन्मलं त्याला पुढे शाळा मिळाली जेमतेम दीड दिवस, हेही मुलांनी ऐकलं. एका पानाने एवढं केलं, मला आणखी काय हवं?

14 जानेवारीचं पान मात्र मला खटकलं. 'संक्रांतीच्या दिवशी पानिपत' असा मथळा आहे. तिसरं पानिपत 14 जानेवारी 1761 ला झालं हे बरोबर. तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. पण सूर्याचं मकर राशीत जाणं साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतं. 1761 साली संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. आजची तारीख जुन्या सणाला चिकटवली की मुलं चुकीचं पाठ करतात आणि ते जन्मभर पुसलं जात नाही.

त्याहून मोठी उणीव म्हणजे याच तारखेला 1994 साली झालेला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, म्हणजे त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडणं, पानावर नाही. विधिमंडळाचा ठराव 27 जुलै 1978 चा, अंमलबजावणी साडेपंधरा वर्षांनी. मधल्या काळात घरं जळली, माणसं मेली, लाँग मार्च निघाला. मराठवाड्यातल्या मुलांच्या आजी-आजोबांनी हे भोगलंय. ते वगळून दिनविशेष पूर्ण होत नाही.

17 सप्टेंबरलाही 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, 1948' एवढी एकच ओळ आणि खाली नटनट्यांचे वाढदिवस. 13 सप्टेंबरला सुरू झालेली, भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात केलेली 'पोलीस कारवाई' पाच दिवसांत निजामाच्या शरणागतीवर संपली, एवढं तरी द्यायचं! पानशेत धरण फुटलं त्या 12 जुलै 1961 चं पान चांगलं जमलंय. पुण्याबाहेरच्या मुलांनाही समजेल असं.

शाळेसाठी घ्या. घरी फक्त तारीख बघायला हवी असेल तर भिंतीवरची साधी दिनदर्शिका पुरेल. प्रकाशकांना एकच विनंती: पुढच्या आवृत्तीत वाढदिवस काढा आणि ती जागा गावागावांतल्या घटना लिहायला मोकळी सोडा.