गिल्मरबाबाचा 'लक अँड स्ट्रेंज': घाईत ऐकू नका राव
पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या गिटारवाल्या डेव्हिड गिल्मरचा हा अल्बम 2024 च्या सप्टेंबरात आला तेव्हा गडी 78 वर्षांचा होता, आणि आधीचा सोलो अल्बम 2015 चा, म्हणून मला वाटलेलं आता काय नवीन असणार. दोनदा बाईकवर ऐकला, काय कळला नाय. मग परवा सांगलीत लाईट गेली, गच्चीवर हेडफोन लावून बसलो, शेजारी भडंगाची पुडी, आणि टायटल ट्रॅकला अंगावर काटाच आला. त्यात कीबोर्ड पिंक फ्लॉइडमधल्याच रिचर्ड राइटचा आहे, तो माणूस 2008 लाच गेला, हे 2007 मध्ये सगळे गिल्मरच्या घरी सहज वाजवत बसलेले तेव्हाचं रेकॉर्डिंग. गेलेल्या मित्राच्या सुरावर गिटार लावायची म्हणजे काय होत असेल ओ. तो मूळ जॅम पण बोनसमध्ये दिलाय, लई मोठा आहे पण ऐकाच.

'बिटवीन टू पॉइंट्स' त्याची पोरगी रोमनी गातीय, हार्प पण तीच वाजवतीय, आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा तीच भाव खाऊन जाते. बाबाचा आवाज आता थोडा खरखरीत झालाय, मला तर तो आवडला. बोटं मात्र तशीच, एक सूर ओढला की बास. मधली एकदोन गाणी ढिली वाटली, पुढं ढकलली. शेवटच्या 'स्कॅटर्ड' मधला सोलो संपला आणि नेमकी लाईट आली, इतका राग आला म्हणून सांगू.

पाचातले चार.