‘वायफाय नको सर, ऑफलाइनच बरं’: 24 लॅपटॉप घेतले, 19 दुसऱ्याचे निघाले

ऑफिसची मशीन मी 11 वर्षं सांभाळतोय. हे आधीच सांगतो, म्हणजे ‘नवखा असेल बिचारा’ म्हणून कुणी पुढे सरकणार नाही.

नव्या टीमसाठी 24 लॅपटॉप हवे होते. नवे बजेटमध्ये बसेनात, म्हणून रीफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त केलेले, घ्यायचं ठरलं. तीन कोटेशन मागवली आणि मधलं घेतलं, सगळ्यात स्वस्त नव्हे. (‘स्वस्ताच्या मोहात पडलास’ हे मला रोज ऐकावं लागतंय.) 80 टक्के ॲडव्हान्स, 20 टक्के डिलिव्हरीला. वर्षाच्या हार्डवेअर बजेटचे 62 टक्के एका खात्यात गेले. बिलावर काय, तर ‘लॅपटॉप, नग 24’. सिरीयल नंबर एकही नाही. अशा बिलावर सही करू नका, त्याचा पुढे काडीचा उपयोग होत नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी सप्लायरचा मुलगा एकेक मशीन सेट करून दाखवत होता. मी विचारलं, ‘वायफायचा पासवर्ड देऊ?’ तो म्हणाला, ‘नको सर, ऑफलाइनच बरं. नेट जोडलं की अपडेट सुरू होतात, तुमचाच वेळ जातो.’

आणि मला ते पटलं! उलट पोरगं समजूतदार वाटलं. ऑटोपायलट, म्हणजे कंपनीची विंडोज मशीन तिच्या नावावर नोंदवून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सोय, कशी चालते ते मला तोंडपाठ आहे. सेटअपच्या वेळी मशीन नेटवर जातं, त्याची नोंद ज्या संस्थेच्या नावावर असेल तिचं प्रोफाइल उतरवतं आणि तिचंच लॉगिन मागतं. नेटच नसेल तर मशीन विचारणार कुणाला? हे मी ज्युनियर पोरांना शिकवलंय. तेच डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी चार्जर मोजत बसलो होतो. काही झाकणांवर स्टिकर उपटल्याचे चौकोनी चिकट डागही होते. तेही मीच रुमालाने पुसले.

नऊ दिवसांनी मशीन आमच्या नावावर चढवायला 24 ओळींची फाइल अपलोड केली. 19 ओळींवर एरर, कोड 808. म्हणजे मशीन आधीच दुसऱ्या संस्थेकडे नोंदलेलं. विश्वास बसेना म्हणून एक लॅपटॉप रीसेट करून नेट जोडलं, तर स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव आणि स्वागत! सप्लायरचा फोन तेव्हापासून बंद.

‘पुन्हा ऑफलाइन सेट करून वापर की’ असं सांगणारे खूप भेटले. वापरतोही आहे, करणार काय? पण कर्मचारी बदलला, मशीन रीसेट झालं की पुन्हा तेच नाव समोर. नोंद सोडवणं हे मुळात मूळ मालकाचं काम.

पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न, ‘लॅपटॉप तुमच्याकडेच आहेत ना? मग फसवणूक कसली?’ ऑटोपायलट समजावताना माझा घसा बसला. दुसऱ्या खेपेला साहेब वेगळे, त्यांनी मलाच विचारलं, ‘चोरीचा माल घेतलात का?’ तिसऱ्या खेपेला ‘हा दिवाणी वाद आहे, वकील गाठा’. चौथ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत कसे आणणार? ज्या कंपनीचं नाव दिसत होतं तिला चार मेल टाकले. एक उत्तर आलं: ती मशीन भंगारात दिली होती, आमच्या कागदोपत्री ती नष्ट झालेली आहेत. जे नष्ट झालं त्याची नोंद कशाला सोडवायची, असा त्यांचा सूर! सिरीयल नंबर पाठवले, त्यावर गप्प.

म्हणून सांगतो, शेवटचा हप्ता हातात असतानाच कुठलीही चार मशीन स्वतः उचला, रीसेट करा, आपल्या नेटला जोडा. सप्लायरला निवडू देऊ नका. ‘रीसेट केलं तर वॉरंटी जाईल’ म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. मॅक असेल तरी हेच, तिथे सेटअपमध्येच रिमोट मॅनेजमेंटची स्क्रीन उभी राहते.

उरलेले 5 तरी आपले, असं मनाला समजावत होतो. त्यातल्या चारांवर विंडोजचा परवाना केएमएसचा, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरून चालू राहणारा निघाला, 180 दिवसांत नूतनीकरण न झाल्यास संपणारा. पाचव्याला बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगचा) पासवर्ड आहे आणि तो कुणालाच माहीत नाही.