बीटा पेशी किती उरल्यात? सी-पेप्टाइड, अँटिबॉडी की नुसती शुगर: कोणती तपासणी कोणासाठी

अंगकाठी बारीक, वय तिशीचं, गोळ्या सुरू होऊन वर्ष झालं तरी साखर हटत नाही. अशा माणसाला डॉक्टर एक दिवस म्हणतात, "सी-पेप्टाइड आणि गॅड करून घ्या, टाइप वन तर नाही ना बघू." टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. गॅड ही त्या ऑटोइम्यून हल्ल्याची खूण असलेली अँटिबॉडी, तर सी-पेप्टाइडवरून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं. लॅबमध्ये गेलं की काउंटरवरून आणखी एक पॅकेज पुढे येतं: फास्टिंग (उपाशीपोटीचं) इन्सुलिन, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि काय काय. सगळंच करायचं का?

माझं मत आधीच सांगतो. मधुमेह कळून तीन वर्षं झाली नसतील आणि प्रकाराची शंका असेल, तर आधी अँटिबॉडी. तीन वर्षं उलटली असतील, तर सी-पेप्टाइड. इन्सुलिन टोचून घेत असाल तर फास्टिंग इन्सुलिन करूच नका. टोचलेलं इन्सुलिन आणि त्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी, दोन्ही त्या आकड्यात घोळ घालतात.

सी-पेप्टाइडचा भरवसा नेमका इथेच आहे. बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन बनवते, मग ते तुटून एक रेणू इन्सुलिनचा आणि एक सी-पेप्टाइडचा, अगदी समसमान, रक्तात येतो. डोनाल्ड स्टाइनर यांनी १९६७ साली प्रोइन्सुलिन शोधलं, त्यातून ही गोष्ट उलगडली. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे रक्तात जे सापडतं ते आपल्याच स्वादुपिंडाचं. शिवाय इन्सुलिन चार-पाच मिनिटांत निम्मं होतं आणि त्यातला मोठा वाटा यकृत परस्पर काढून घेतं. सी-पेप्टाइड अर्धा तास टिकतं आणि मुख्यतः मूत्रपिंडातून जातं. म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर सी-पेप्टाइड उगाच जास्त दिसतं. हे रिपोर्टवर कोणी छापत नाही.

सॅम्पल कधी द्यायचं यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक लॅब उपाशीपोटी बोलावतात. पण पेशींची ताकद कळते ती त्यांना काम पडल्यावर, म्हणून नेहमीचं जेवण झाल्यावर पाच तासांच्या आत घेतलेलं सॅम्पल चालतं, नव्हे बरं. त्याच वेळी शुगरही हवीच. शुगर ७०च्या खाली असेल तर स्वादुपिंड मुळातच गप्प बसलेलं असतं, त्या आकड्यावरून काही ठरवू नये. नुकतंच कीटोअॅसिडोसिसमुळे (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचल्यामुळे) दवाखान्यात राहून आला असाल तर किमान दोन आठवडे थांबा. वाढलेल्या साखरेने पेशी दमलेल्या असतात आणि आकडा खऱ्यापेक्षा वाईट येतो. गावातून सॅम्पल शहरात जाणार असेल तर जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी मागा. त्यात सी-पेप्टाइड साध्या तापमानाला चोवीस तास टिकतं.

आता वाचायचं कसं. आपल्याकडे आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये येतो, संशोधनातले निकष पिकोमोल प्रति लिटरमध्ये. एक नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ३३१ पिकोमोल. जेवणानंतरचं सी-पेप्टाइड २०० पिकोमोलच्या खाली, म्हणजे साधारण ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली, तर इन्सुलिनची मोठी कमतरता. ६००च्या वर, म्हणजे १.८ नॅनोग्रॅमपुढे, तर टाइप टूची शक्यता जास्त. मधला पट्टा संदिग्ध. शेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' मात्र मधुमेह नसलेल्या, उपाशी माणसाची असते. शुगर २८० असताना १.२ आलं, तर रिपोर्टवर ते बिनधास्त 'नॉर्मल' दिसेल. वास्तविक इतक्या साखरेला निरोगी स्वादुपिंडाने त्याच्या कितीतरी पट उत्तर दिलं असतं. माझ्या मते या तपासणीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

मग तीन वर्षांची अट कशाला? टाइप वनमध्ये सुरुवातीला पेशी बऱ्यापैकी शिल्लक असतात, विशेषतः मोठ्या वयात सुरू झाला तर. तेव्हा सी-पेप्टाइड चांगलं आलं म्हणून 'टाइप टूच आहे' असा निर्वाळा देणं घाईचं. गॅड, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ या अँटिबॉडी मात्र तेव्हाही सांगतात की हल्ला चालू आहे. पेशी किती गेल्या हे त्या सांगत नाहीत. इन्सुलिनविरोधी अँटिबॉडीची तपासणी मुलांमध्ये उपयोगी, पण इन्सुलिन सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की तिला अर्थ राहत नाही. एकच करायची तर मोठ्यांनी गॅड करावी.

आपल्याकडे एक गुंता जास्तीचा आहे. सी-पेप्टाइड कमी आणि अँटिबॉडी निगेटिव्ह, असे सडपातळ तरुण भारतात कमी नाहीत. काहींच्या स्वादुपिंडात खडे असतात, ते पोटाच्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसतात. काहींमध्ये लहानपणच्या कुपोषणाचा संबंध असतो. कुपोषणाशी जोडलेल्या या प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'टाइप फाइव्ह' म्हणून मान्यता दिली. म्हणजे सी-पेप्टाइड कमी याचा अर्थ 'ऑटोइम्यून' असा नाही. अशा ठिकाणी जनुकीय स्कोअरही, म्हणजे जनुकांवरून काढलेला टाइप वनच्या धोक्याचा आकडा, मदतीला येऊ शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या रुग्णांवर, इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या संशोधकांसोबत झालेल्या आणि २०२०ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, युरोपीयांवरून बेतलेला टाइप वनचा स्कोअर भारतीयांतही दोन प्रकार वेगळे करतो असं आढळलं. पण ते अजून रोजच्या वापरातलं नाही.

ज्यांच्या मुलाला टाइप वन आहे हे नक्की झालंय, त्यांचा प्रश्न वेगळा: हनिमून, म्हणजे निदानानंतर उरलेल्या पेशी काही काळ साथ देतात तो टप्पा, चालू आहे की संपला? त्यासाठी दर काही महिन्यांनी सी-पेप्टाइडवर पैसे घालण्याआधी एक फुकटचा हिशेब करा. एचबीए१सीमध्ये, दर किलो वजनामागे रोज लागणाऱ्या इन्सुलिन युनिटची चौपट मिळवायची. बेरीज ९ किंवा कमी असेल तर हनिमून चालू. मूल तीस किलोचं, रोज १२ युनिट, एचबीए१सी ७.२, म्हणजे ०.४ गुणिले ४, अधिक ७.२, झाले ८.८. तेच मूल त्याच एचबीए१सीसाठी २४ युनिट घेऊ लागलं की बेरीज १०.४, म्हणजे स्वतःच्या पेशींची साथ सुटत चाललीय. हनिमूनमध्ये गरज थोडीच उरते, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करण्याचा मोह नको.

या हिशेबाची लंगडी बाजू म्हणजे एचबीए१सी स्वतःच. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढतो. सिकलसेल असेल, जो नंदुरबार, गडचिरोलीकडे दुर्मीळ नाही, तर तो विश्वासार्ह राहत नाही. नुसत्या शुगरच्या आकड्यांबद्दल, मग ते ग्लुकोमीटरचे असोत वा दंडावरच्या सेन्सरचे, एवढंच म्हणेन: इन्सुलिनचा डोस ठरवायला उत्तम, पेशींचा ऱ्हास ओळखायला उशिराचे. साखर वाढते तोवर, खाल्ल्यावर लगेच सुटणारा इन्सुलिनचा पहिला झपाटा कधीच मंदावलेला असतो.

प्रोइन्सुलिन आणि सी-पेप्टाइडचं गुणोत्तर, मेलेल्या बीटा पेशींचा रक्तात सुटलेला डीएनए, ही मंडळी अजून प्रयोगशाळेतली. फिनलंडच्या डीआयपीपी अभ्यासात तर पुढे टाइप वन झालेल्या मुलांच्या जन्मवेळच्या रक्तातच सक्सिनिक आम्ल आणि फॉस्फॅटिडिलकोलीन कमी सापडलं होतं. वाचायला विलक्षण, पण यावर तुमचा-माझा कुठलाही निर्णय फिरत नाही. कोणी विकायला आलं तर नको म्हणा.

जुन्या रुग्णांनी, 'आता काय उरलंय' म्हणून सी-पेप्टाइड टाळू नये. अमेरिकेतल्या डीसीसीटी अभ्यासात ज्यांचं सी-पेप्टाइड २०० पिकोमोल किंवा जास्त होतं त्यांना गंभीर हायपो (साखर धोकादायक खाली जाणं) कमी झाले, डोळ्यांचा त्रासही कमी. शिल्लक जवळपास शून्य असेल तर हायपोचा धोका मोठा. सेन्सरवर खर्च करायचा की नाही हे ठरवायला हा आकडा कामी येतो.

राहिला प्रश्न भावंडांचा. टाइप वन असलेल्या मुलाच्या भावंडाला तो होण्याची शक्यता साधारण वीसात एक. इथे सी-पेप्टाइडचा उपयोग नाही, अँटिबॉडीच बघायच्या. दोनदा करणं शक्य असेल तर दोन आणि सहा वर्षांच्या सुमारास. एकच पॉझिटिव्ह आली तर आधी ती पुन्हा तपासून खात्री करा, कारण एकटी अँटिबॉडी असलेल्या मुलांत दहा वर्षांतला धोका १५ टक्क्यांच्या आसपास असतो. दोन किंवा जास्त असतील तर तो सुमारे ७० टक्के. पहिल्यापासून लक्ष ठेवल्याचा फायदा जर्मनीत बव्हेरियात २०१५ पासून चाललेल्या तपासणीत दिसला: अशी मुलं कीटोअॅसिडोसिसपर्यंत पोहोचण्याआधीच सापडतात. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये टेप्लिझुमॅब हे औषध दोन अँटिबॉडी आणि बिघडू लागलेली साखर असलेल्या, आठ वर्षांपुढच्यांसाठी मंजूर झालं. चाचणीत त्याने आजार सुमारे दोन वर्षं लांबवला. औषध मिळो न मिळो, दोन अँटिबॉडी निघाल्या तर अधूनमधून ग्लुकोज पाजून दोन तासांची शुगर करत राहा, आणि मूल अचानक खूप पाणी प्यायला लागलं किंवा रात्री पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर लॅबच्या वेळेची वाट न बघता घरच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचा.