दोन ओळींची वही : फ्रेंचसाठी शब्दशः आणि सहज भाषांतर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

पद्धत साधी आहे. फ्रेंच वाक्याखाली दोन ओळी लिहायच्या: शब्दशः अर्थ पेन्सिलने, सहज मराठी पेनाने. रोज दहाच वाक्यं. तीन दिवसांनी वरचं झाकायचं आणि सहज ओळीवरून वाक्य परत फ्रेंचमध्ये लिहायचं. जमलं की पेन्सिलची ओळ खोडायची. हे खोडणं टाळलं, तर ती ओळ कुबडी होऊन बसते.

शब्दशः ओळ कामी येते ती उलट्या बांधणीच्या वाक्यांत. ‘त्यू म माँक’ म्हणजे ‘तू मला कमी पडतेस’. सहज मराठीत ‘मला तुझी आठवण येते’. नुसतं पाठ केलं की तोंडात हमखास ‘ज त माँक’ येतं, आणि त्याचा अर्थ होतो ‘तुला माझी आठवण येते’!

शब्दशः ओळ इंग्रजीतून मुळीच लिहू नये. ‘सा म प्ले’ हे ‘ते मला आवडतं’शी शब्दाला शब्द जुळतं, इंग्रजीमार्गे गेलं की उगाच ‘मी’ कर्ता होतो. ‘ले लेत्र क जे एक्रीत’, म्हणजे ‘मी लिहिलेली पत्रं’, हेही तसंच. पत्राला फ्रेंच शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘एक्री’चं ‘एक्रीत’. ‘चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं’ म्हणणाऱ्याला यात नवल ते काय? फसगत पुढे आहे. कर्म क्रियापदानंतर आलं की फ्रेंच हा मेळ सोडून देते: ‘जे एक्री य्युन लेत्र’, म्हणजे ‘मी एक पत्र लिहिलं’. मराठी कान इथेही ‘एक्रीत’ म्हणायला लावतो.

वाक्प्रचारांत शब्दशः ओळीने फारसं साधत नाही. ‘पोझे अँ लापँ’ म्हणजे ‘ससा ठेवणं’. पेनाने ‘टांग देणं’ लिहून पुढे जावं. आकड्यांचंही तेच. ९७ म्हणजे ‘चार-वीस-दहा-सात’ ही गंमत एकदा ठीक, पण कुणी भरभर फोन नंबर सांगत असताना बेरीज करायला वेळ नसतो. ते कानानेच पक्के करावेत.

सर्वांत चिवट निघाला ‘आँ’, म्हणजे ‘त्यांतले’ अशा अर्थाचा छोटासा शब्द. ‘माझ्याकडे दोन आहेत’ या सहज ओळीत तो दिसतच नाही, म्हणून उलट लिहिताना ‘जे द’ होतं. बरोबर वाक्य ‘जाँ ने द’, म्हणजे ‘माझ्याकडे त्यांतले दोन आहेत’. ‘आँ’च्या वाक्यांखालची पेन्सिल आठ महिन्यांनंतरही खोडलेली नाही.