सर्बर की किक नेट? सातारच्या ओढ्यांत उतरण्याआधी

ओढ्यातल्या किड्यांचा अभ्यास करायचा म्हटलं की पहिला खर्च जाळ्याचा. पावसाळा सरला की कुणी ना कुणी विचारतंच, सर्बर घेऊ की किक नेट? सर्बर म्हणजे तळावर टेकवायची चौकट आणि तिच्यामागचं जाळं; चौकटीतला तळ चोळला की किडे प्रवाहाबरोबर जाळ्यात येतात. किक नेट म्हणजे पायाने तळ ढवळून किडे पकडायचं जाळं. मी दोन्ही वापरली आहेत, उरमोडीच्या वरच्या अंगाला आणि वेण्णेला मिळणाऱ्या लहान ओढ्यांत. तेवढ्यावरून सांगतो.

सर्बरची बाजू कमकुवत नाही. चौकट एक चौरस फुटाची, म्हणजे साधारण ०.०९ चौरस मीटर. त्यामुळे मोजणी थेट क्षेत्रफळाशी जोडता येते. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या ओढ्यांवरचे बरेच शोधनिबंध 'दर चौरस मीटरला इतके' अशाच भाषेत बोलतात. तिथल्या गोट्यांच्या, जाड वाळूच्या तळावर चौकट नीट टेकते. पाण्यात प्राणवायूही मुबलक असतो. शरदात पडलेली पानं कुरतडणाऱ्या अळ्या हिवाळाभर त्या पानांवर जगतात, काही स्टोनफ्लायची (दगडांखाली राहणाऱ्या एका पाणकिड्याची) पिल्लं दोन-तीन वर्षं पाण्यातच वाढतात. मग बर्फ वितळून येणारा पूर तळ घुसळतो. पुराआधी किती होते आणि नंतर किती उरले हे सांगायचं, तर नेमकं क्षेत्रफळ लागणारच.

आपल्याकडे तळ घुसळतो तो मोसमी पाऊस, जून ते सप्टेंबर. तळही वेगळा, काळ्या बेसाल्टचा. कुठे अखंड कातळ, कुठे टोकदार दगड, मध्येच गुळगुळीत गोटे.

माझं ठरलं ते इथेच. डिसेंबरातली सकाळ, गुडघाभर पाणी, मी वाकून चौकट टेकवतोय आणि ती टेकत नाहीये. एक कोपरा दगडावर बसला की दुसरा वर राहतो आणि फटीतून पाणी वाहत सुटतं. ओला टॉवेल कोंबला, स्पंजच्या पट्ट्या लावून पाहिल्या, तरी कातळ असा खडबडीत की कुठेतरी वाट उरतेच. दगडाला चिकटून राहणारी चपटी मेफ्लाय मी हाताने खरवडली की डोळ्यांदेखत चौकटीखालून निसटायची. एकाच खळाळात, दोन पावलांच्या अंतरावर घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी एकात ताटलीभर जीव आणि उरलेल्या दोनांत मूठभरही नाहीत, असं वारंवार झालं. तो फरक ओढ्यातला होता की फटीतला, हे मला आजही सांगता येत नाही. क्षेत्रफळाचा नेमकेपणा तिथेच वाहून जातो.

किक नेटला ही कटकट नाही. जाळं प्रवाहाला आडवं धरायचं, वरच्या बाजूला पायाने तळ ढवळायचा, मोठे दगड हातात घेऊन चोळायचे. ब्रिटनमध्ये ३ मिनिटं ढवळण्याची रीत आहे, मीही तीच धरली. चौकट स्थानिक वेल्डरकडून करून घेतली, ५०० मायक्रॉनच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांचं जाळीचं कापड शिवून घेतलं. खर्च सर्बरहून बराच कमी आला. खळाळातलं काम झालं की तेच जाळं काठच्या मुळ्यांतून फिरवता येतं. निओपर्लासारखी आपल्या सह्याद्रीतली स्टोनफ्लाय मला सर्बरपेक्षा यातच जास्त वेळा मिळाली. ती जलद पाण्यातल्या मोठ्या दगडांखाली बसते, आणि तसे दगड एक फुटाच्या चौकटीत मावत नाहीत.

उणीव आहेच. पायाचा जोर माणसागणिक बदलतो. म्हणून वर्षभर एकानेच ढवळावं आणि दुसऱ्याने घड्याळ धरावं. 'दर चौरस मीटर' हा आकडाही मिळणार नाही. तुमच्या मार्गदर्शकांना तोच हवा असेल, तर सर्बरशिवाय इलाज नाही. अशा वेळी कातळ सोडून गोट्यांचा सपाट पट्टा शोधा. वेण्णेच्या खालच्या अंगाला असे पट्टे मला सापडले.

सांगलीकडून येणाऱ्यांसाठी एवढंच, की हरिपूरच्या संगमाजवळच्या संथ, गाळाच्या पाण्यात सर्बर उपयोगाचा नाही. प्रवाहाने किडे जाळ्यात ढकलले नाहीत तर तो रिकामाच राहतो. तिथे हातजाळं घेऊन काठाने चालावं.

माझा सर्बर घरी आहे. महिनाभरासाठी हवा असेल तर घेऊन जा. किक नेट मात्र स्वतःचं करून घ्या, ते मला दर रविवारी लागतं.