वर्डनेट वापरून बघा, निदान ‘ब्रेक’ या एका क्रियापदासाठी तरी

इंग्रजीत लिहिणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या नाहीतर इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही मी सध्या वर्डनेट सुचवतेय, म्हणजे इंग्रजी शब्दांचा अर्थाप्रमाणे लावलेला डिजिटल कोश. फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की नेट नसतानाही चालतं आणि साध्या थिसॉरसमध्ये जो घोळ होतो तो यात होत नाही. घोळ असा की ब्रेक हे क्रियापद समानार्थी शब्दांच्या साध्या यादीत शोधलं की स्मॅश, व्हायोलेट, पॉझ, फ्रॅक्चर, डिमोट, रिव्हील सगळे एका दावणीला बांधल्यासारखे समोर येतात, मग ज्याला इंग्रजीची सवय नाही तो बिचारा प्रॉमिस फ्रॅक्चर केलं आणि बातमी स्मॅश झाली असं लिहून मोकळा होतो. त्यात त्याची काय चूक, यादीनेच त्याला सांगितलं ना की हे सगळे सारखे.

वर्डनेटमध्ये शब्द नाही, अर्थ हा एकक धरलाय. एका अर्थाचे सगळे शब्द एका गटात, त्या गटाला सिनसेट म्हणतात, सोबत छोटी व्याख्या आणि बऱ्याच ठिकाणी उदाहरणाचं वाक्य. आवृत्ती ३.० मध्ये असे १ लाख १७ हजारांहून जास्त गट आहेत. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे काम सुरू केलं, माणसाच्या डोक्यात शब्द कसे साठवलेले असतात हे त्यांना तपासायचं होतं, आणि ते मांडणीत जाणवतं. अर्थाप्रमाणे शब्द लावायची कल्पना तशी जुनी आहे, पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ मध्ये आपला थिसॉरस काढला तोही कल्पनांच्या वर्गवारीनेच लावलेला होता. पण तिथे गटात फक्त शब्द मिळतात, कुठला शब्द नेमका कशासाठी हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असावं लागतं.

आता ब्रेक बघू. वर्डनेटमध्ये क्रियापद म्हणून याचे ५९ अर्थ दिलेत, हो ५९, आणि आतमध्ये जाऊन बघितलं की आकडा पटायला लागतो. पहिला अर्थ काच फुटण्याचा नाहीच, थांबवणं, मध्येच खंड पाडणं हा आहे आणि त्याचा जोडीदार इंटरप्ट. तुकडे होणं हा अर्थ दुसरा येतो. क्रम साधारणपणे प्रत्यक्ष मजकुरात कुठला अर्थ जास्त वेळा सापडला त्यावरून ठरवलाय, त्यामुळे शिकवताना आधी काय शिकवायचं याचा अंदाज येतो. पुढे नियम मोडण्याचा गट आहे, त्यात ट्रान्सग्रेस, ऑफेंड, इन्फ्रॅक्ट, व्हायोलेट, गो अगेन्स्ट, ब्रीच. हाडाचा वेगळा, तिथे फक्त फ्रॅक्चर. मशीन बंद पडण्याचा वेगळा, तिथे फेल, डाय, गिव्ह आउट, कॉन्क आउट. गुपित सांगून टाकण्याच्या गटात रिव्हील, डिस्क्लोज, डायव्हल्ज. आणि मग असे अर्थ येतात जे आपल्याला सुचतच नाहीत, वरच्या पदावरून खाली आणणं, कुणाचं दिवाळं काढणं, घोड्याला माणसाळवणं, लाटेचं किनाऱ्यावर फुटणं, ताप एकदम उतरणं, शेअरचे भाव धाडकन पडणं, पुस्तकांचा संच फोडणं, सर्किट तोडणं, बॉक्सिंगमधली मिठी सोडवणं.

मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्यांसाठी हे फार मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे हे काम एक क्रियापद करत नाही. काच फुटते, दोरी तुटते, खुर्ची मोडते, आणि ती आपण फोडतो, तोडतो, मोडतो. शब्द मोडणं, विक्रम मोडणं, लग्न मोडणं, अगदी सुट्ट्या पैशांसाठी नोट मोडणं सुद्धा, इंग्रजीत नोटेलाही ब्रेकच लागतं आणि वर्डनेटमध्ये तो अर्थ स्वतंत्र दिलाय. गंमत म्हणजे वयात येताना मुलाचा आवाज फुटतो तिथेही ब्रेकच. पण बातमी फुटली म्हणजे आपल्याकडे गुपित बाहेर गेलं, तर इंग्रजीत बातमी ब्रेक झाली म्हणजे बऱ्याचदा ती पहिल्यांदा जाहीर झाली एवढंच, तिथे फसायला होतं. आपलं आपण होणं आणि कुणीतरी करणं हा फरक मराठीत बऱ्याचदा क्रियापदातच दिसतो, इंग्रजीत ब्रेक दोन्हीकडे तेच राहतं, आणि वर्डनेट प्रत्येक अर्थाला वाक्याचा साचा जोडून हा फरक दाखवतं, म्हणजे काहीतरी ब्रेक होतं की कुणीतरी काहीतरी ब्रेक करतं. हे साचे बरेच जण बघतच नाहीत, नक्की बघा.

क्रियापदांसाठी आणखी एक सोय आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते. एखादी क्रिया कशा पद्धतीने केली ते सांगणारी क्रियापदं तिच्याखाली लावलेली असतात, त्यांना ट्रोपोनिम म्हणतात. वॉक घ्या, खाली लिम्प, मार्च, स्टॅगर, टिपटो, स्ट्रोल, म्हणजे लंगडत, कवायतीसारखं, झोकांड्या खात, चवड्यांवर, रमतगमत. कथा लिहिणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे, ते स्लोली वगैरे क्रियाविशेषणांचं शेपूट लावावंच लागत नाही.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत आणि त्या लहान नाहीत. अर्थ फार बारीक चिरलेत, ब्रेकचे काही अर्थ एकमेकांपासून वेगळे का काढले हे दोनदा वाचूनही कळत नाही, आणि ही तक्रार भाषातंत्रज्ञानावर काम करणारेही बऱ्याच वर्षांपासून करतायत. नवशिक्या माणूस ५९ ओळी बघून पळून जाईल. दुसरं म्हणजे शब्द औपचारिक की बोलीतला हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. डिमोटच्या शेजारी किक डाउनस्टेअर्स बसलंय, फेलच्या शेजारी कॉन्क आउट, आता ऑफिसच्या रिपोर्टमध्ये यातलं काय चालेल हे कोण सांगणार? उच्चार नाहीत, शब्दाचा उगम नाही, कुठल्या क्रियापदाबरोबर कुठलं नाम शोभतं हेही नीट मिळत नाही. ब्रेक अ हॅबिट म्हणतात पण व्हायोलेट अ हॅबिट म्हणत नाहीत एवढं गटांवरून कळतं, पण प्रॉमिसबरोबर ब्रीच शोभेल का याचं उत्तर हवं असेल तर विद्यार्थ्यांसाठीची चांगली डिक्शनरी शेजारी उघडी ठेवावीच लागते. म्हणून शाळकरी मुलांच्या हातात हे एकटं देऊ नका, आठवी-नववीच्या खाली तर नकोच.

ब्रेक डाउन, ब्रेक इन, ब्रेक आउट असल्या जोडक्रियापदांना मात्र स्वतःच्या वेगळ्या नोंदी आहेत, तिथे जरूर जा, कारण ब्रेक आउट मध्ये तुरुंगातून पळणंही आहे आणि अंगावर पुरळ उठणंही.

घेताना एक बघा, प्रिन्स्टनची आवृत्ती ३.० ही २००६ ची आहे आणि तिथे आता नवीन भर पडत नाही, त्यामुळे अलीकडच्या वापरातले अर्थ त्यात शोधू नका. तिच्यावरच बांधलेली ओपन इंग्लिश वर्डनेट २०१९ पासून निघतेय, तीही मोफत आहे आणि तिच्यात दुरुस्त्या होत राहतात, नवीन सुरुवात करणाऱ्याने सरळ ती घ्यावी. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येत असेल तर तिच्यातल्या एनएलटीके या भाषेच्या कामासाठीच्या लायब्ररीमधून चार ओळींत सगळे गट काढता येतात, येत नसेल तर वर्डनेटचा डेटा वापरणाऱ्या डिक्शनऱ्या भरपूर आहेत, फक्त निवडताना अर्थांचे गट वेगवेगळे दाखवते ती निवडा, सगळे शब्द एका ढिगात ओतणारी नको.