स्कायरिमचे मॉड: बत्तीस-बिट, १.५.९७ की १.६? गावातल्या पीसीवर काय टिकतं

स्कायरिम हा गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. आज त्यावर मॉड (खेळणाऱ्यांनी बनवलेले बदल) बसवायला बसलं की समोर तीन वेगवेगळे स्कायरिम दिसतात. पहिला बत्तीस-बिटचा, लेजंडरी एडिशन. दुसरा ऑक्टोबर २०१६ चा चौसष्ट-बिट स्पेशल एडिशन, १.५.९७ या आवृत्तीवर थांबवलेला. तिसरा तोच स्पेशल एडिशन, पण नोव्हेंबर २०२१ पासूनच्या १.६ मालिकेतला. एकाचा मॉड दुसऱ्यात सरळ टाकला की गेम सुरूच होत नाही, किंवा वाईट म्हणजे सुरू होतो आणि वीस तासांनी कोसळतो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या हॉटस्पॉटवर एक आठवडा चुकीच्या फायली उतरवल्या तर साडेदहा जीबी गेले.

निवडायचं कसं, ते आधीच सांगतो. कोणता स्कायरिम नवा आहे यापेक्षा कोणता तुमच्या हातात स्थिर राहील, हे पाहा. नव्याने विकत घेत असाल तर जीओजी या ऑनलाइन दुकानावरचा १.६ घ्या. स्टीमवर आधीपासून असेल तर १.६.११७० वर गोठवा, म्हणजे पुढचं अपडेट येऊ देऊ नका. ग्राफिक्स कार्डच नसेल आणि लेजंडरी खात्यात पडून असेल, तर तोच चालवा. १.५.९७ कडे एखादा ठरावीक जुना मॉड हवाच असेल तरच जा.

बत्तीस-बिट कोणासाठी

अमरावती-नागपूरहून आणलेला ऑफिसातला जुना डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, कार्ड नाही. अशा मशीनवर लेजंडरी कमी सेटिंगला खेळता येतो. तो डायरेक्टएक्स ९ वर चालतो, डिस्कवर ६ जीबी घेतो आणि २ जीबी रॅमवरही उभा राहतो. स्पेशल एडिशन मात्र ८ जीबी रॅम, १२ जीबी डिस्क आणि निदान १ जीबीचं जुनं जीटीएक्स ४७० दर्जाचं कार्ड मागतो.

लेजंडरीची मर्यादा मेमरीत आहे. बत्तीस-बिट प्रोग्राम ४ जीबीच्या पुढे पाहूच शकत नाही आणि हा गेम ३ जीबीच्या थोडं पुढे गेला की पडतो. त्यासाठी एसकेएसई (मॉडना जास्तीची ताकद देणारा जोड-प्रोग्राम) १.७.३ बसवून त्याच्या आयएनआय फाइलमध्ये पहिल्या हीपचा, म्हणजे गेमने राखून ठेवलेल्या मेमरीचा, आकडा ७६८ आणि स्क्रॅप हीपचा २५६ ठेवतात. एवढ्याने बरेच क्रॅश थांबतात. पण शहरं भरगच्च करणारे मॉड, घनदाट जंगल आणि मोठे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) एकत्र चालणार नाहीत. तीसेक मॉड, त्यातले बहुतेक मेनू आणि दुरुस्त्यांचे, एवढ्यावर समाधान असेल तर ही चांगली निवड आहे. नवे मॉड मात्र आता इथे जवळजवळ येत नाहीत.

१.५.९७ आणि १.६: खरा प्रश्न इथे आहे

एक गैरसमज आधी दूर करू. अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन हा पैसे देऊन घ्यायचा जास्तीचा मजकूर आहे. १.६ हा गेमच्या मुख्य प्रोग्रामचा क्रमांक आहे आणि तो सगळ्यांना फुकट मिळतो. मॉड जुळतो की नाही हे प्रोग्रामच्या क्रमांकावर ठरतं, तुम्ही अ‍ॅनिव्हर्सरी घेतला की नाही यावर नाही. गेमच्या फोल्डरमध्ये मुख्य एक्सई फाइलवर राइट-क्लिक करून डिटेल्समध्ये पाहा, क्रमांक तिथे दिसतो. मॉड शोधण्याआधी तो वहीत लिहून ठेवा.

हा क्रमांक एवढा महत्त्वाचा का? साधे मॉड, म्हणजे टेक्स्चर, मॉडेल, नवीन तलवार, नवीन गाव, बहुतेक दोन्हीकडे चालतात. अडतात ते डीएलएल (गेमच्या प्रोग्रामला जोडला जाणारा कोड) असलेले. ते प्रोग्रामच्या आत ठरावीक पत्त्यावर हात घालतात. प्रोग्राम नव्याने बनवला की पत्ते सरकतात आणि तो हात भलत्याच जागी पडतो. १.६ बनवताना कंपायलरही नवा वापरला गेला, म्हणून १.५.९७ चे डीएलएल एका झटक्यात निकामी झाले. अ‍ॅड्रेस लायब्ररी नावाचा मॉड पत्त्यांची यादी ठेवतो आणि ही अडचण बरीच सोपी करतो. पण त्याचीही १.५ ची फाइल वेगळी आणि १.६ ची वेगळी. एसकेएसईचंही तसंच. १.५.९७ ला २.०.२०, १.६.६४० ला २.२.३, १.६.११७० ला २.२.६. यातला एक आकडा चुकला तरी सुरुवातीलाच एररची खिडकी येते.

१.५.९७ च्या बाजूने बोलायचं तर तो बदलत नाही, आणि अनेक वर्षांत लिहिलेले डीएलएल मॉड त्यासाठी तयार आहेत. विरुद्ध बाजूही मोठी आहे. स्टीमवरून आज तो सरळ मिळत नाही. गेम उतरवून मग डाउनग्रेड पॅचर चालवावा लागतो. स्टीमच्या कन्सोलमधून जुन्या फायली पुन्हा मागवण्यापेक्षा पॅचरला डेटा कमी लागतो, म्हणून मोबाइल नेटवर तोच मार्ग घ्या. पुढची अडचण प्लगइनच्या (मॉडचे बदल नोंदलेल्या फाइलच्या) हेडरची, म्हणजे तिच्या सुरुवातीला लिहिलेल्या क्रमांकाची. २०२३ च्या अखेरच्या अपडेटनंतर बनलेल्या बऱ्याच प्लगइनचा हेडर १.७१ असतो आणि तो १.५.९७ ला वाचता येत नाही. त्यासाठी बीईईएस नावाचा छोटा मॉड लागतो. तो नसेल तर मुख्य मेनू येण्याआधीच गेम बंद पडतो, आणि माणूस दोष भलत्याच मॉडला देत बसतो. गेमच्या चुका दुरुस्त करणाऱ्या अनऑफिशियल पॅचच्या ताज्या आवृत्त्याही १.६ धरूनच बनतात, त्यामुळे त्याची जुनी आवृत्ती शोधावी लागते.

१.६.११७० जानेवारी २०२४ मध्ये आला. मुख्य डीएलएल मॉड आता त्यावर उपलब्ध आहेत आणि मॉड बनवणारा नवा लेखक आधी त्याचाच विचार करतो. धोका एकच, स्टीमने मध्येच अपडेट घालण्याचा. उपाय असा: गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फक्त सुरू केल्यावर अपडेट करा' निवडा, गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरमधूनच उघडा, आणि स्टीमअ‍ॅप्स फोल्डरमधली ४८९८३० हा आकडा असलेली मॅनिफेस्ट फाइल रीड-ओन्ली करून ठेवा. मुख्य एक्सईची एक प्रत बाजूला काढायला विसरू नका.

जीओजीची बाब वेगळी. २०२२ पासून तिथे स्कायरिम मिळतो आणि त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. एकदा शहरात कॉलेजच्या वायफायवर उतरवून हार्डडिस्कवर घेतला की नंतर विंडोज उडालं, डिस्क बदलली, गावात नेट दोन दिवस नाही, तरी गेम परत बसतो, आणि त्याच आवृत्तीचा बसतो. आमच्या मते गावात राहणाऱ्यासाठी हीच सगळ्यात भक्कम गोष्ट आहे. लक्षात ठेवायचं इतकंच की जीओजीचा क्रमांक स्टीमपेक्षा वेगळा असतो, १.६.६५९ किंवा १.६.११७९. एसकेएसईची जीओजीवाली फाइलच घ्यायची, आणि डीएलएल मॉडच्या पानावर जीओजीचा उल्लेख आहे का ते पाहायचं.

व्होर्टेक्स की मॉड ऑर्गनायझर २

हे दोन्ही मॉड बसवणारे आणि सांभाळणारे प्रोग्राम. व्होर्टेक्स मॉडच्या फायली स्टेजिंग फोल्डरमध्ये ठेवतो आणि गेमच्या डेटा फोल्डरमध्ये त्यांचे हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) लावतो. जागा दुप्पट लागत नाही, पण स्टेजिंग फोल्डर गेमच्याच ड्राइव्हवर हवा आणि तो ड्राइव्ह एनटीएफएस हवा. एक्सफॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर हार्डलिंक होतच नाहीत, तिथे अनेकांचं अडतं. क्रम लावायला तो नियम मागतो: हा मॉड त्याच्यानंतर. वीस-तीस मॉडपर्यंत हे सोयीचं आहे.

मॉड ऑर्गनायझर गेमच्या फोल्डरला हातच लावत नाही. गेम सुरू होताना तो आभासी डेटा फोल्डर उभा करतो, म्हणून गेम आणि बाकीची साधनंही त्याच्यातूनच उघडावी लागतात. डावीकडची यादी फायलींचा क्रम ठरवते, कोणाचं टेक्स्चर कोणाच्या वर. उजवीकडची यादी प्लगइनचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावीकडे खाली असलेला मॉड उजवीकडे वर राहू शकतो आणि त्याने काही बिघडत नाही. पोर्टेबल पद्धतीने बसवला तर मॉड, प्रोफाइल आणि डाउनलोड सगळं एकाच फोल्डरमध्ये राहतं. तो फोल्डर कॉपी केला की बॅकअप झाला. पन्नासच्या वर मॉड नेणार असाल तर हाच घ्या. दोन्ही याद्यांच्या वर बॅकअपचं बटण आहे. लाइन अचानक गेली आणि यादी रिकामी झाली तर त्याच बटणाने वाचता, म्हणून मॉड बदलायच्या आधी ते दाबत जा. गेम मात्र प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे विंडोजच्या परवानग्या आड येतात.

मॉड एकमेकांशी का भांडतात

प्लगइनचा नियम साधा आहे: एकाच रेकॉर्डला (गेममधल्या एका नोंदीला) दोघांनी हात लावला तर क्रमात शेवटचा जिंकतो, आणि पूर्ण रेकॉर्ड त्याचाच होतो. प्रकाशाचा मॉड आणि पाण्याचा मॉड एकाच सेलमध्ये (गेममधल्या जागेच्या एका तुकड्यात) बदल करतात. प्रकाशवाला शेवटी असेल तर दिवे बरोबर दिसतात, पण पाणी जुनंच राहतं, कारण त्याच्या रेकॉर्डमध्ये पाण्याचं मूळ मूल्य आहे. लूट नावाचा प्रोग्राम प्लगइनचा क्रम चांगला लावतो, पण हे भांडण तो सोडवू शकत नाही.

ते एसएसईएडिट या प्लगइन उघडून बदलायच्या साधनात सोडवायचं. दोन्ही प्लगइन निवडून उघडा, 'कॉन्फ्लिक्ट दाखवा' हा फिल्टर लावा. लाल रेकॉर्डवर राइट-क्लिक करून 'ओव्हरराइड म्हणून कॉपी' निवडा आणि लाइट खूण असलेलं (पूर्ण प्लगइनची जागा न अडवणारं) नवं ईएसपी, म्हणजे प्लगइन फाइल, बनवा. मग पाण्याचं मूल्य त्याच्या रकान्यातून ओढून नव्या रकान्यात टाका. सेव्ह करा, सगळ्यात शेवटी ठेवा. पहिल्या पॅचला अर्धा तास लागतो, दहाव्याला पाच मिनिटं. शत्रू आणि दुकानातल्या मालाच्या याद्या एकत्र करायला राय बॅश या साधनाचा बॅश्ड पॅच असतो. मॉड बदलला की तो पुन्हा बनवायचा.

नॅव्हमेशचं भांडण, म्हणजे पात्रांच्या चालण्याच्या वाटांचं, असं ओढाओढीने मिटत नाही. रिव्हरवूड या गेममधल्या गावाची फेरमांडणी करणारे दोन मॉड एकत्र घातले तर लोक भिंतीत चालतात किंवा गावाजवळ गेलं की गेम पडतो. एका जागेसाठी एकच मॉड ठेवा, किंवा लेखकाने स्वतः दिलेला पॅच असेल तरच दोन.

स्पेशल एडिशनमध्ये पूर्ण प्लगइन २५४ आणि लाइट प्लगइन ४०९६ बसतात. म्हणून लोक दिसेल त्या ईएसपीला लाइट खूण लावतात. एसएसईएडिट फॉर्म आयडी (रेकॉर्डचे क्रमांक) न बदलता चालेल असं म्हणत असेल तरच लावा. आयडी आवळावे लागत असतील तर चालू सेव्हमध्ये कधीच नाही, त्या मॉडच्या सगळ्या वस्तू नाहीशा होतात. लेजंडरीचा जुना प्लगइन आणलाच असेल तर मॉड ऑर्गनायझर त्यावर फॉर्म ४३ ची, म्हणजे जुन्या रचनेची, खूण दाखवतो. तो क्रिएशन किट या गेम कंपनीच्याच साधनात उघडून पुन्हा सेव्ह करावा लागतो, आणि मॉडेल-टेक्स्चर कॅथेड्रल अ‍ॅसेट्स ऑप्टिमायझरमधून काढावे लागतात.

कार्ड आणि टेक्स्चर

ऑफिसातल्या छोट्या कॅबिनेटमध्ये कमी उंचीचंच कार्ड बसतं, आणि पॉवर सप्लायला वेगळी सहा-पिनची वायर बहुधा नसते. २ जीबीचं जीटी १०३० घेत असाल तर जीडीडीआर५ असलेलंच घ्या. त्याच नावाचं डीडीआर४ वालं बरंच हळू आहे आणि खोक्यावर फरक चटकन दिसत नाही. कमी उंचीचं १०५० टीआय ४ जीबीसह मिळालं तर उत्तम.

टेक्स्चर किती मोठं घ्यावं याचा हिशोब सोपा आहे. बीसी७ या टेक्स्चर दाबून साठवायच्या पद्धतीत एका पिक्सेलला एक बाइट लागतो. १के टेक्स्चर १ एमबी, २के ४ एमबी, ४के १६ एमबी, वर दुरून दाखवायच्या लहान प्रतींसाठी तिसरा हिस्सा. म्हणजे एक ४के टेक्स्चर जवळपास २१ एमबी, आणि बहुतेक वस्तूंना रंगाचं एक आणि उठावाचं एक अशी दोन लागतात. २ जीबीच्या कार्डवर अशा पन्नास वस्तू एका चौकात आल्या की मेमरी संपली. २ जीबीला सगळं १के, डोंगर आणि जमीन तेवढी २के. ४ जीबीला २के. ४के दोन्हीला नको. १के चं पॅक डेटाही वाचवतं. लेजंडरीत बीसी७ चालतच नाही, डायरेक्टएक्स ९ ला ते माहीत नाही.

लाइन, ऊन आणि सेव्ह

रात्री थ्री फेज आली की वावरातल्या मोटरी एकदम सुरू होतात आणि गावातलं व्होल्टेज खाली येतं. पीसी रीस्टार्ट होतो, आणि त्याच क्षणी सेव्ह चालू असेल तर ती फाइल अर्धवट राहते. इन्व्हर्टर असेल तर त्यामागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, पीसीला नाही. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, सेव्ह करून बाहेर पडण्यापुरती मिनिटं देतो. एकाच क्विकसेव्हवर राहू नका, दर अर्ध्या तासाने नवी सेव्ह करा. बॅकअप घेताना सेव्हच्या ईएसएस फाइलसोबत त्याच नावाची एसकेएसई फाइलही घ्या. ती राहिली तर मॉडच्या सेटिंगचा काही भाग परत येत नाही.

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. डिस्प्ले ट्वीक्स मॉडने फ्रेम ४० वर बांधा, कार्ड बरंच थंड राहतं. ६० च्या वर तर कोणत्याच ऋतूत नेऊ नका, मूळ गेमचं भौतिक गणित बिघडतं आणि ताटं-वाट्या उडायला लागतात. पीसी कूलरच्या थेट समोर ठेवू नका, त्या ओल्या हवेने आतले जोड गंजतात. कापूस घरात साठवला असेल त्या महिन्यांत पंख्याची जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करा.

चालू सेव्हमध्ये काय बदलावं याची आमची पद्धत अशी: टेक्स्चर आणि मॉडेल कधीही बदला. एकटी डीएलएल फाइल बदलायलाही सहसा हरकत नाही. स्क्रिप्ट किंवा क्वेस्ट असलेला मॉड मात्र काढू नका आणि बदलण्याआधी त्याच्या बदलांची यादी वाचा. त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये मुरलेल्या असतात. मॉड काढला तरी त्या तिथेच राहतात. रीसेव्हर हे साधन अनाथ स्क्रिप्ट पुसून देतं, पण मोडलेला क्वेस्ट जोडून देत नाही. लेखकाने 'नवा खेळ लागेल' लिहिलं असेल तर जुनी आवृत्तीच ठेवा आणि तिची झिप फाइल डाउनलोड फोल्डरमधून पुसू नका, खेळ संपेपर्यंत ती लागू शकते.